संगणकाची पाटी खरोखर कोरी कशी होते

शिरगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत लिहिलेली नावे भरती येताच पुसली जातात. शाळेच्या संगणकात लिहिलेली नावे मात्र इतक्या सहजपणे जात नाहीत. ‘डिलीट’ची कळ दाबली व पडद्यावरून नाव गेले, म्हणजे माहिती नष्ट झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. आणि जुना संगणक शाळेबाहेर जाण्याच्या वेळी तो घातक ठरण्याचा संभव असतो.

प्राथमिक शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकेचे खातेक्रमांक साठलेले असतात. पालघर जिल्ह्यात मासेमारीवर, शेतीवर व मजुरीवर निर्वाह करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कामासाठी वर्षातील काही महिने गाव सोडून जाणारेही अनेक आहेत. आपल्या मुलाची माहिती परक्याच्या हाती पडली, हे अशा पालकास समजण्यास बहुधा मार्गच नसतो. त्याने ती शिक्षकाच्या भरवशावर दिलेली असते. तेव्हा तिचे रक्षण करणे हे शिक्षकाचेच कर्तव्य होय.

पुसलेली माहिती शिल्लक कशी राहते, हे जनरल रजिस्टरच्या उदाहरणाने समजेल. रजिस्टरच्या अनुक्रमणिकेतील एक ओळ खोडली, तरी आतील पान जसेच्या तसे राहते. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात व त्यांवर सूक्ष्म चुंबकीय खुणांनी मजकूर लिहिला जातो. ‘डिलीट’ केल्याने किंवा ‘रिसायकल बिन’ रिकामी केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते व ती जागा मोकळी समजली जाते. तेथे नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना तसाच राहतो. ‘क्विक फॉरमॅट’नेही अनुक्रमणिकाच तेवढी नवी होते. असा मजकूर परत मिळविणारी साधने कोणासही सहज उपलब्ध आहेत.

अमेरिकेतील गारफिंकेल व शेलाट या संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या व २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत लोकांच्या खाजगी व पैशाच्या व्यवहारांची माहिती पुष्कळ मिळाली.

यावर खरा उपाय म्हणजे संपूर्ण तबकडीवर शून्ये किंवा निरर्थक अंक लिहून काढणे. १९९६ साली गुटमन या संशोधकाने ३५ वेळा लिहिण्याची रीत सुचविली होती. ती त्या काळच्या तबकड्यांसाठी होती. आजच्या तबकडीस सामान्यतः एकदाच पूर्ण लिहिणे पुरते. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास व्हिस्टापासूनच्या सर्व आवृत्त्यांत हेच घडते. संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो, ती तो चालू असताना अशी पुसता येत नाही. म्हणून ती काढून दुसऱ्या संगणकास जोडावी. डिस्कचे एकाहून अधिक विभाग असल्यास प्रत्येक विभाग पुसावा. चुकीची डिस्क पुसली जाऊ नये म्हणून तिची ओळख दोनदा पडताळावी. सेकंदास १०० मेगाबाइट या गतीने ५०० गिगाबाइटची डिस्क लिहिण्यास सुमारे ८३ मिनिटे लागतात. जुनी डिस्क अधिक वेळ घेते. वीज जाण्याचा संभव नसेल अशी वेळ निवडावी. शेवटी माहिती परत मिळविणारे साधन चालवून काही सापडते का, ते पाहावे.

नव्या संगणकांत तबकडीऐवजी एसएसडी असते. तीत मजकूर कोणत्या पेशीत लिहावयाचा हे ती स्वतःच ठरविते व काही पेशी राखून ठेविते. त्यामुळे वरून लिहूनही जुने अंश मागे राहू शकतात. तिच्यासाठी निर्मात्यानेच दिलेला पुसण्याचा आदेश वापरावा.

बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. ती फोडावीच लागते. साध्या लोहचुंबकाचा भरवसा धरू नये. तबकड्यांना आरपार छिद्रे पाडावीत. काही तबकड्या काचेच्या असतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि हे काम मुलांसमोर करू नये. एसएसडीची प्रत्येक चिप फोडावी. उरलेले भाग भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

या सर्वांपूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. जपून ठेवावयाच्या नोंदींची प्रत दुसरीकडे घेऊन ती उघडून पाहावी. कारण नीट पुसलेले परत मिळत नाही. पुढे एखादा माजी विद्यार्थी दाखल्यासाठी आला, तर त्याची नोंद मिळाली पाहिजे. त्यानंतर वरिष्ठांची निर्लेखनाची मंजुरी घ्यावी, डिस्क पुसावी आणि पुसल्याची तारीख व रीत जडसंग्रह नोंदवहीत लिहून मगच संगणक शाळेबाहेर जाऊ द्यावा.