हेलडायव्हर्स २: ऑटोमॅटनवर नेम कुठे धरायचा?

ऑटोमॅटन या यंत्रमानव शत्रूंशी लढताना दारूगोळा लगेच संपतोय? मग नेम तपासा. ॲरोहेड या स्वीडिश स्टुडिओच्या २०२४च्या या गेममध्ये शत्रूच्या प्रत्येक भागाचं चिलखत वेगळं असतं. गोळीची भेदनक्षमता कमी पडली, तर ती आपटून उडते आणि इजा शून्य!

🎯 डेव्हास्टेटर: छातीवर गोळ्या वाया घालवू नका, थेट डोक्यावर मारा. ढालवाला असेल तर बाजूने गाठा.

🎯 स्काउट स्ट्रायडर: समोरून चालक झाकलेला असतो. बाजूने किंवा मागून तो उघडा सापडतो.

🎯 हल्क: समोरून चेहऱ्यावरचा लाल डोळा. त्यासाठी ऑटोकॅनन किंवा अँटी-मटेरियल रायफलसारखं शस्त्र हवं. साधी बंदूकच असेल, तर स्टन ग्रेनेडने त्याला थोपवा आणि पाठीवरच्या चमकणाऱ्या झरोक्यावर मारा.

🎯 रणगाडा: बुरुजाच्या मागच्या बाजूचे तसेच झरोके.

🎯 गनशिप: बाजूची इंजिनं.

चौघं खेळत असाल तर कामं वाटून घ्या: एकाने समोरून लक्ष वेधायचं, दुसऱ्याने वळसा घालून पाठ गाठायची. मोठ्या शत्रूंपुढे ही जोडी फार प्रभावी ठरते. पुढच्या मोहिमेत नक्की करून बघा!