एसटी हवी? मग गावाने एकत्र बसावे

आषाढीची वारी आपल्याला नवी नाही. 2025 साली महामंडळाने वारीसाठी 5,200 जादा गाड्यांचे नियोजन केले. राज्यभरातल्या आगारांनी गाड्या दिल्या. महसूल, पोलीस, नगरपालिका अशी सगळी खाती कामाला लागली. शिवाय एका गावातून 40 किंवा अधिक प्रवाशांनी मिळून मागणी केली, तर थेट गावातून गाडी देण्याची सोय होती. ही सोय यात्रेपुरती खरी, पण धडा बारमाही आहे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, गावाची मागणी मात्र पुढे सरकते.

आपल्या गावची फेरी का बंद पडते? आगार भारमान बघते. माणसे वडापने गेली की गाडी रिकामी धावते, रिकामी गाडी परवडत नाही. याचा पहिला फटका पोरींना. बारावीपर्यंत त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण गाडीच नसेल तर पास काय चाटायचा?

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी एकत्र बसावे. जून 2024 पासून एसटीचे पास शाळेतच देण्याची योजना आहे. त्यासाठी शाळा विद्यार्थ्यांची यादी आगाराला देते. त्याच यादीसोबत कोणत्या गावची किती पोरे आणि शाळा कधी भरते-सुटते, हेही लिहून द्या. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार गावांनी वेळ आधी आपसात ठरवावी आणि सारखाच ठराव करावा. प्रत्येकाने वेगळी वेळ मागितली, तर कुणालाच गाडी मिळायची नाही.

आगाराची अडचणही समजून घ्या. रस्त्यावर आलेल्या वेड्या बाभळी तोडा, गाडी वळवायला जागा ठेवा. खड्ड्यांसाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्याकडे पाठपुरावा करा. मुक्कामी गाडी हवी असेल, तर चालक-वाहकाला झोपायला खोली, पाणी, संडास आहे का, ते आधी बघा.

गाडी सुरू झाली की तिच्यातूनच प्रवास करा. महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे. 75 वर्षांवरील आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे, त्यांनीही शून्य रकमेचे तिकीट मागून घ्यावे. सवलतीची भरपाई शासन महामंडळाला देते, म्हणून हे प्रवासी हिशोबात दिसले पाहिजेत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या.