पावसाळी समुद्रातील सूक्ष्म कारभारी

जंतू म्हटले की आपणास प्रथम आठवतो तो रोग. पटकी, विषमज्वर, क्षय यांच्या पलीकडे या शब्दाची आपली ओळख सहसा जात नाही. परंतु ज्यांच्यावाचून समुद्रातील जीवनाचा गाडा एक दिवसही चालणार नाही, असे जिवाणू कोणत्याही रोग्याच्या शरीरात नव्हे, तर किनाऱ्यालगतच्या पाण्यात कोट्यवधींच्या संख्येने नांदत असतात. त्यांची विविधता पाहावयाची, तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळ्यासारखी दुसरी संधी नाही.

त्या दिवसांत समुद्र वरून खवळलेला दिसतो; त्याची खरी मोठी हालचाल मात्र डोळ्यांआड चालते. मोसमी वाऱ्याच्या रेट्याने व पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी वर चढते. केरळच्या दक्षिण टोकाशी मे-जूनच्या सुमारास सुरू होणारी ही क्रिया उत्तरेकडे सरकत गोव्यापर्यंत पोहोचते. खालून आलेल्या पाण्यात नत्र व स्फुरद यांचा मोठा साठा असतो. सूर्यप्रकाशात तो मिळताच तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो. तारली, बांगडा यांचे थवे ज्या सुगीवर पोसले जातात, ती हीच.

या सुगीचा उरलासुरला पालापाचोळा कोण आवरतो? चहाच्या एका चमच्यात मावेल एवढ्या समुद्राच्या पाण्यात पन्नास लाखांच्या आसपास जिवाणू असतात. पूर्वी शास्त्रज्ञ ते काचेच्या थाळीत वाढवून मोजीत. पण शंभरांतला एखादाही थाळीत वाढत नसे. पाण्यातील जिवाणूंची जनुके थेट वाचता येऊ लागली, तेव्हा कोठे हे दालन उघडले. १९९० साली सारगासो समुद्रात एका अज्ञात कुळाची खूण सापडली. त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढविण्यास २००२ साल उजाडले. पेलॅजिबॅक्टर हे त्याचे नाव. पृथ्वीवरील सर्वाधिक संख्येच्या सजीवांत त्याची गणना होते, आणि त्याचा आहार म्हणाल तर एखाद्या विरक्ताचा! पाण्यात विरघळलेल्या अत्यल्प अन्नावर तो सुखाने राहतो. बहर आला की मात्र खादाड मंडळी पुढे सरसावतात. फ्लॅव्होबॅक्टेरिया मृत वनस्पतींतील लांबलचक शर्करांचे तुकडे करतात, तर रोझोबॅक्टर कुळातील जिवाणू बारीकसारीक रेणूंवर ताव मारतात. सर्वांची गरज एकच : प्राणवायू.

आणि येथेच अडचण उभी राहते. वर आलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी. त्यातच पाऊस व नद्या यांचे हलके गोडे पाणी समुद्रावर झाकणासारखे पसरते आणि हवेतील प्राणवायू खाली उतरू देत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तळाजवळचा साठा संपत येतो. कोचीनजवळ असे पाणी तळाशी पसरले की तेथील मासळी पांगते व जाळी रिकामी येतात, हे कार्ल बान्झे या शास्त्रज्ञाने १९५९ साली नोंदविले होते. कोळ्यांच्या घरची चूल अशी या अदृश्य कारभाराशी बांधलेली आहे.

प्राणवायू संपला म्हणून जिवाणूंचे काम थांबत नाही. कामकरी तेवढे बदलतात. आता नायट्रेटवर श्वसन करणारे पुढे येतात. ते उपयुक्त नत्राचे वायूत रूपांतर करतात. वाटेत नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो. उष्णता कोंडून धरण्यात हा वायू, वजनास वजन घेता, कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट प्रभावी आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ गोव्यातील कांदोळीसमोरच्या उथळ पाण्यात १९९७ पासून मोजमापे घेत आले. या किनाऱ्यावर त्याचा विलक्षण साठा होतो, असे त्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे ही स्थिती बळावत असावी, अशी शक्यताही त्यांनी मांडली.

नायट्रेटही संपले की सल्फेटवर जगणारे जिवाणू जागे होतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड पाण्यात भिनू लागतो. सुदैवाने या विषाचेच अन्न करणारे जिवाणूही आहेत. आफ्रिकेच्या नामिबिया किनाऱ्यावरही असेच खालचे पाणी वर येते. तेथे २००४ साली सुमारे ७,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तळाशी हे विष पसरले असता, अशा जिवाणूंनी ते पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यापूर्वीच निकामी केल्याचे आढळले. उपग्रहाच्या छायाचित्रांत किंवा किनाऱ्यावर उभे राहणाऱ्यास त्याचा मागमूसही लागला नसता.

आपल्याकडे पावसाळा सरला की वारे पालटतात, किनाऱ्यालगतचा प्रवाह उलट फिरतो, गोड्या पाण्याचे झाकण विरते. नोव्हेंबर-डिसेंबरापर्यंत प्राणवायू पुन्हा तळाशी पोहोचतो. मग नायट्रेट व सल्फेटवर जगणाऱ्यांची सद्दी संपते. त्यांतील पुष्कळ जण पुढील पावसाळ्यापर्यंत तळच्या चिखलात आपले बिऱ्हाड टिकवून राहतात.