ट्रंकेतलं जुनं रिव्हॉल्व्हर

सासरे गेल्यावर ट्रंकेत त्यांचं रिव्हॉल्व्हर निघालं, तर ते दागिन्यासारखं घरात ठेवता येत नाही. परवाना त्यांच्या नावाचा होता. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं.

गंजलंय म्हणून निकामी समजू नका. चाप ओढू नका, पिशवीत घालून लोकलने नेऊ नका. आत गोळी असू शकते. आधी पोलिसांना कळवा, ते सांगतील तसंच न्या. पावती जपा.

ठेवायचं असेल, तर वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत तो पोलीस आयुक्तांकडे. विकायचं, तर विक्रेत्याकडून बनावट, स्थिती पाहून किंमत काढा. घेणाराही परवानाधारकच हवा. पैसे वारसांचे, त्यात सासूबाईही आल्या. मुदतीत मागणी केली नाही, तर मात्र ते सरकारजमा होतं.