दोन हजार लिटर रक्त आणि यकृताचा संयम

प्रौढ माणसाचं यकृत दीड किलोच्या आसपास भरतं आणि त्यातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. दिवसाचा हिशेब दोन हजार लिटरांच्या वर जातो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दोनदा भरूनही थोडं उरेल, इतकं! अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. म्हणजे तेच रक्त दिवसातून चारशेहून जास्त वेळा यकृतातून जातं.

या रक्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग मुख्यतः आतड्यांतून, पोर्टल व्हेनच्या वाटेने येतो. खरी गोष्ट इथेच सुरू होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू राहतात, आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी. या जीवाणूंच्या कवचाचे तुकडे आणि खाल्लेल्या अन्नातले परके रेणू रक्तातून अखंड यकृताकडे येत राहतात. हेच तुकडे मोठ्या प्रमाणात रक्तभर पसरले तर ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. यकृतात मात्र रोजच्या रोज ते पोहोचतात आणि साधी सूजही येत नाही.

हा संयम राखणाऱ्यांत पहिल्या येतात कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी. शरीरात एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या भक्षक पेशींपैकी 80 ते 90 टक्के एकट्या यकृतात असतात. जीवाणू दिसला की त्या तो गिळतात, पण गिळल्यावर आरडाओरडा करत नाहीत. थोड्या थोड्या विषाची सतत सवय झाल्याने त्या भडकत नाहीत. उलट इंटरल्युकिन-10 सारखे शांत करणारे रेणू सोडतात. यकृतातल्या केशवाहिन्याही अरुंद, 5 ते 15 मायक्रॉन रुंदीच्या. लढाऊ टी-पेशींना त्यांतून भिंतीला घासतच जावं लागतं. भिंतीच्या पेशी त्यांना परका रेणू दाखवतात आणि त्याच वेळी पीडी-एल1 या प्रथिनामार्फत ‘थांब’ असा इशाराही देतात. मग काही टी-पेशी निष्क्रिय होतात, काही मरतात, तर काही स्वतःच इतरांना आवरणाऱ्या नियामक पेशी बनतात. शरीराने परक्याशी लढावं, एवढंच आपण शाळेत शिकतो. न लढण्यासाठीही इतकी यंत्रणा राबते, हे मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा डुकरांनी दिला. 1969 साली केंब्रिजचे शल्यविशारद रॉय काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही डुकरांची यकृतं दुसऱ्या डुकरांना बसवली. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न देताही त्यांतली काही यकृतं दीर्घकाळ टिकली. त्याहून नवल म्हणजे त्याच दात्याची त्वचा आणि मूत्रपिंडही त्या प्राण्यांच्या अंगी लागलं. एरवी ते शरीराने फेकून दिलं असतं. माणसात गोष्ट इतकी सोपी नाही, औषधं घ्यावीच लागतात. तरी मूत्रपिंडासाठी बघतात तशी ऊतींची बारीक जुळणी यकृतासाठी सहसा बघत नाहीत. मुख्यतः रक्तगट बघतात, आणि काही निवडक रुग्णांची औषधं पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करता आली आहेत.

या संयमाची किंमत मात्र जबर आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू नेमका इथेच ठाण मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 25.4 कोटी लोक या जुनाट संसर्गासह जगत होते, त्यांतले सुमारे तीन कोटी भारतात. त्या एका वर्षात त्याने सुमारे 11 लाख बळी घेतले. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांतले पंच्याण्णवच्या आसपास लोक विषाणूला हुसकावून लावतात. जन्मावेळी लागण झालेल्या बाळांत हे गणित उलटं होतं: शंभरांतल्या नव्वदांच्या यकृतात तो कायमचा राहतो. बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते, आणि त्यात यकृताची ही सोसण्याची वृत्ती.

यावर उपाय आहे. जन्मानंतर पहिल्या 24 तासांत हिपॅटायटिस बी ची लस टोचायची असते, आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. घरात बाळ येणार असेल तर प्रसूतीच्या दिवशीच ही लस दिली का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.