शिफ्ट सुटते, झोप येत नाही



आज समोर बसलेल्यांपैकी काही जण कामावरून थेट आलेत, काहींना इथून थेट कामावर जायचंय. त्यामुळे मधेच कुणाचा डोळा लागला तर आम्ही रागावणार नाही. विषयच तो आहे. व्याख्यान लागू पडलं असं धरू.

सुरुवात आमच्यापासून करतो. आम्ही स्वतः बरीच वर्षं तीन शिफ्टमध्ये काम केलेलं आहे. एकदा नाईट करून पुणे-नगर रस्त्याने मोटारसायकलवर घरी निघालो होतो. सकाळचं ऊन, रस्ता रोजचा. मधला तुकडा आठवतच नाही. गाडी रस्ता सोडून साईडच्या खडीत उतरली, तेव्हा जाग आली. मागून ट्रक नव्हता म्हणून आज तुमच्यासमोर उभे आहोत. आणि गंमत बघा, घरी पोचून अंथरुणाला पाठ टेकली, तर दोन तास झोप नाही! गाडीवर न बोलावता आलेली झोप गादीवर का येत नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं, जे करून पाहिलं, ते आज मांडतो.

आपल्या दोन तालुक्यांचं घड्याळच वेगळं आहे. शिरूरला रांजणगावची एमआयडीसी, दौंडला कुरकुंभची. दौंड जंक्शन, तिथले लोको पायलट, गार्ड, यार्डातली माणसं. कारखान्यांचा गळीत हंगाम लागला की चोवीस तास गाळप. गुऱ्हाळं पहाटेपासून पेटलेली. आणि शेतकऱ्याला रात्रीची लाईट, म्हणजे थंडीत, बिबट्याची धास्ती घेऊन दारं धरायला जाणं आलंच. "रात्री दहाला झोपा, पहाटे पाचला उठा" हा सल्ला चांगला आहे, पण तो इथल्या अर्ध्या लोकांच्या कामाचा नाही. म्हणून आपण मूळ यंत्रणा समजून घेऊ. ती कळली की ज्याने त्याने आपल्या शिफ्टला बसवायची.

झोप येते ती दोन गोष्टींच्या जोरावर.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. टाकी भरावी तसं. जितके तास जागे, तितकी टाकी भरलेली, तितका डोळा जड. झोपलं की ती रिकामी होते. चहा-कॉफीतलं कॅफिन ही टाकी रिकामी करत नाही, फक्त टाकीचा काटा झाकून ठेवतं. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या ब्रेकला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पहाटे दोनलाही शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट, शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो साधारण चोवीस तासांच्या तालावर चालतो आणि उजेडावर आपली वेळ लावून घेतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्यांनी काम केलं ते फळमाशीवर. केळ्याभोवती घोंगावणारं ते चिलट, त्यालासुद्धा घड्याळ आहे. आपल्याला तर आहेच.

आता नाईटवरून आलेल्या माणसाचं बघा. टाकी पूर्ण भरलेली आहे. पण बाहेर ऊन पडलंय आणि घड्याळ सांगतंय, उठ, दिवस झाला. एक ओढतंय, दुसरं ढकलतंय. गाडीवर एकसुरी रस्त्यात टाकी जिंकली. घरी उन्हातून आल्यावर घड्याळ जिंकलं. त्या दोन तासांचं कारण हे.

सेकंड शिफ्टवाल्याची अडचण निराळी. त्याचं घड्याळ झोपेच्या बाजूला असतं, पण डोकं अजून लाईनवरच असतं. टार्गेट, सुपरवायझरचं बोलणं, उद्याची ओटी. त्यात तो अंथरुणात पडून झोपेची वाट बघतो. "आता तरी लाग" असं म्हणतो, मोबाईलवर किती वाजले बघतो, उरलेल्या तासांचा हिशोब करतो. मंडळी, झोप ही जोर लावून येणारी गोष्ट नाही. जोर लावला की जागेपणाच वाढतो.

असं महिनाभर झालं की एक सवय तयार होते. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, हे शरीर शिकतं. बाहेर खुर्चीत पेंगणारा माणूस गादीवर गेला की टक्क जागा होतो, तो म्हणूनच. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर नियम मांडले. आजही ते पहिल्या ओळीत आहेत. डोळे खरंच जड झाले तरच आडवं व्हायचं. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने उठायचं. दुसऱ्या जागी मंद उजेडात बसायचं, काहीतरी कंटाळवाणं करायचं, लसूण सोलला तरी चालेल. पुन्हा पेंग आली की परत अंथरुणावर. अंथरुणात जेवण नाही, हिशोब नाही, मोबाईल नाही. आणि झोप कशीही झाली तरी उठायची वेळ तीच.

पहिले आठ-दहा दिवस त्रास होतो. तो सांगायलाच हवा, नाहीतर तुम्ही तिसऱ्या दिवशी सोडाल.

दुसरी पद्धत आर्थर स्पीलमन यांची, १९८७ ची. उदाहरणाने सांगतो. एक जण एक वाजता पडतो, सकाळी नऊला उठतो. अंथरुणात आठ तास, पण खरी झोप साडेपाच तास. म्हणजे शंभरातले साधारण ६९ टक्केच कामी आले. त्याला सांगतात, अंथरुणात फक्त साडेपाच तासच राहा. दोनला पड, साडेसातला उठ. टाकी जास्त भरते, झोप सलग येते. आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर वेळ झोपेत गेला की पंधरा मिनिटं वाढवायची. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरा. पण थांबा. ज्यांच्या हाती स्टिअरिंग आहे, जे प्रेसवर किंवा उंचीवर काम करतात, ज्यांना फिट येतात किंवा मानसिक आजार आहे, त्यांनी ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सुरुवातीला दिवसा झोप जास्त येते आणि तिथेच घात होतो. त्यांच्यासाठी बूटझिनचे नियम पुरेत.

आता घरी आल्यापासून अंथरुणापर्यंतचा तास. इथे तीन साध्या गोष्टी आहेत.

एक, कागद. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींना झालेली कामं लिहायला सांगितली, काहींना उद्याची. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. वहीत उतरलं की डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. सोसायटीचा हप्ता, मुलीची फी, मोटर रिवाइंडिंग, सगळं लिहा.

दोन, कोमट पाणी. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम पाण्याच्या अंघोळीने हातापायांकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. झोपण्याआधी एक ते दोन तास अशी अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं २०१९ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून दाखवलं गेलं. आपली आजी पाय शेकायला सांगायची, तिचं फार चुकत नव्हतं.

तीन, उजेड. नाईटवरून येताना गॉगल लावा. झोप येत असेल तर मात्र गाडीवर बसूच नका, कंपनीच्या बसने या, किंवा निघण्याआधी वीस मिनिटं डुलकी काढा. खोलीची खिडकी जाड चादरीने बंद करा. रांजणगाव-कारेगावच्या खोल्यांत चार पार्टनर चार शिफ्टचे असतात, वर पत्रा तापलेला. तिथे डोळ्यांवर रुमाल, कानात कापसाचे बोळे, टेबलफॅन आणि दाराला "नाईटवाला झोपलाय" ही पाटी, एवढं तरी जमतं. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचा आवाज झाकतो, हा फायदा वेगळाच.

आणि नाईटच्या आठवड्यातही झोपेचे तीन-चार तास रोज एकाच वेळी पडतील असं बघा. सकाळी साडेआठ ते साडेबारा पक्के धरा, बाकीचे तास पुढे-मागे जाऊ द्या. पुढच्या नाईटला निघण्याआधी एक डुलकी. चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, नंतर नाही.

आता गोळीबद्दल. मेडिकलमधून अल्प्राझोलामची पट्टी कुणाच्या तरी ओळखीने आणायची, अर्धी आज, एक उद्या, हे आपल्याकडे चालतं. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही, थकलेला माणूस काय करणार? पण या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्याला कारण आहे. शरीर त्यांना सरावतं आणि पूर्वीच्या डोसने झोप लागेनाशी होते. दुसऱ्या दिवशी सुस्ती उरते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि नुसती दारू? क्वार्टरने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक जातो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, वर सांगितलेल्या सवयींचा आणि विचारांचा उपचार. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जे रोज गोळी घेतायत त्यांनी हे व्याख्यान ऐकून आज रात्री ती एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या तीन घेतो.

एका ताईंनी लिहिलंय, "नाईट करून सात वाजता घरी येते. मुलांचा डबा, सासूबाईंचं औषध, धुणं. झोपायला अकरा वाजतात. मी काय करू?" ताई, खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर गॉगलमध्ये नाही, वहीतही नाही. ते तुमच्या शेजारी बसलेल्या माणसांकडे आहे. नाईट करून आलेल्या पुरुषाला घर "हळू बोला" म्हणतं. बाईने नाईट केली तर घर "डबा कुठंय" विचारतं. सतरा ते एकोणीस तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हातापायांची चपळाई शंभर मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असणाऱ्याइतकी घसरते, हे २००० साली प्रयोगांनी दाखवलं. गाडी चालवायला आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तशा अवस्थेत आपण तिला गॅसपाशी उभं करतो. आठवड्यातले नाईटचे दिवस डबा दुसऱ्याने करायचा, एवढा ठराव आज घरी गेल्यावर करा.

दुसरी चिठ्ठी शेतकरी दादांची. "लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. घड्याळ कसं लावू?" पूर्ण लागणार नाही, दादा. रात्री जायचं असेल तर संध्याकाळी जेवून दीड तास झोपून निघा, आल्यावर उरलेली झोप घ्या, दुपारी वीस मिनिटं. एकटे जाऊ नका. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. आपल्या गावचा फीडर तिच्यावर आहे का, हे ग्रामसभेत विचारा. झोपेचा प्रश्न कधी कधी महावितरणच्या दारातही सुटतो.

तिसरी चिठ्ठी, "नवरा फार घोरतो, दिवसा बसल्या जागी झोपतो." बाई, त्यांचा श्वास झोपेत मधेच थांबून मग दचकून सुरू होतो का, ते बघा. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवाच, हा वेगळा आजार आहे आणि सवयींनी जात नाही. तसंच आठवड्यातून तीन-चार रात्री, तीन महिन्यांच्या वर झोप येत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

चरकसंहितेत शरीराचे तीन आधार सांगितलेत, त्यात आहाराच्या जोडीला निद्रा आहे. जेवणाची सुट्टी आपण भांडून घेतो. झोप मात्र उरली तर घेतो. आज घरी गेल्यावर सगळं करू नका. एकच करा, उठायची वेळ ठरवा आणि दोन आठवडे सोडू नका.

नाईटवाल्यांची बस यायची वेळ झाली. त्यांना आधी जाऊ द्या.