चारही चाकं जमिनीवर!

रिमोटवरची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लहानपणी हट्ट करून घेतलेली, दोन सेलवर घूं घूं करत भिंतीला धडकणारी मोटार. रॉक क्रॉलर ही तिचीच बहीण, पण स्वभावाने एकदम उलट. ही पळत नाही, गोगलगायीच्या वेगाने दगडधोंडे चढते. खऱ्या जीपच्या एक दशांश आकार, चारही चाकांना ताकद, डिफरन्शियल कायमचं लॉक, मऊ रबराचे टायर आणि चार कोपऱ्यांत चार शॉकअप.

आमच्या विंगने वर्गणी काढून अशी एक वापरलेली गाडी घेतली आणि रविवारी सकाळी थेट वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीपाशी नेली. दगडाला तिथे काय तोटा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आणि वर घसरायला मुरमाची भुकटी. तिथल्या एका चढावर चार बोटं उंचीची पायरी होती. गाडी पायरीपाशी जायची, पुढचं चाक हवेत, थोडा थरथराट आणि धप्पकन उताणी. असं सात वेळा झाल्यावर फिरायला आलेल्या एका आजोबांनी अस्सल पुणेरी शांतपणे विचारलं, "ही पाठीवरच चालते का?"

वर्गणीदारांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. गाडी विकून टाकू, असाही ठराव आला. या लेखात जे सांगायचंय ते त्यानंतरच्या तीन आठवड्यांत शिकलेलं आहे.

आधी चूक

गाडी डुलते म्हणजे स्प्रिंग मऊ आहे, असं आम्ही ठरवलं आणि कडक स्प्रिंगा घातल्या. गाडी टेबलावर झकास ताठ दिसायला लागली. टेकडीवर मात्र आधीपेक्षा लवकर उलटली!

कारण साधं आहे. खडकावर स्प्रिंगचं काम दणका खाणं हे नाहीच. वेग इतका कमी की दणका बसतोच कुठे? तिथे स्प्रिंगचं काम एकच, खालचा दगड कसाही असो, चारही टायर त्याला चिकटून ठेवणं. त्यासाठी चाकाला जसं वर जाता आलं पाहिजे, तसंच खाली खड्ड्यात उतरताही आलं पाहिजे. हे 'खाली' आपण विसरतो.

इथे वर्गातला हुशार विद्यार्थी हात वर करेल, "सर, घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन. डिफरन्शियल लॉक आहे. एक चाक हवेत गेलं तर त्याचं वजन बाकीच्या तिघांवर येईल. एकूण पकड तेवढीच!" पुस्तकात बरोबर आहे. पण रबराचा म्यू वजन वाढेल तसा थोडा घटतो. शिवाय हवेत असतं ते नेमकं पायरी चढणारं चाक, म्हणजे ज्याची गरज सर्वांत जास्त तेच संपावर! आणि ते अचानक खाली पडलं की सगळी गाडी हिसका खाते आणि कलंडते.

सॅग मोजा

गाडी हातात उचलून धरा, चाकं पूर्ण लोंबू द्या. मग सपाट फरशीवर ठेवा, दोनदा हलके दाबून सोडा. लोंबत्या स्थितीपासून चॅसिस स्वतःच्या वजनाने जेवढी खाली बसली तो सॅग. चाकाला खाली जायला तेवढीच जागा असते.

आमच्या गाडीत चाकाची एकूण हालचाल ३० मिमी आणि कडक स्प्रिंगांवर सॅग अवघा ५ मिमी. म्हणजे ५ मिमीपेक्षा खोल खड्डा आला की चाक हवेत. मऊ स्प्रिंगा घालून, वरची कॉलर पूर्ण सैल करून सॅग १५ मिमीवर आणला. आता निम्मी हालचाल वर, निम्मी खाली.

मेकॅनिकलवाल्यांसाठी गंमत. प्रीलोड शून्य असेल तर सॅगवरून गाडीची नैसर्गिक वारंवारता काढता येते. ९.८ ला सॅगने (मीटरमध्ये) भागा, वर्गमूळ घ्या आणि २π ने भागा. ५ मिमीला उत्तर येतं ७ हर्ट्झ, १५ मिमीला ४. खऱ्या मोटारीत हा आकडा साधारण १ ते १.५ असतो. लांबी दहापट कमी केली की वारंवारता √१० म्हणजे ३.१६ पट वाढते, आणि १.३ गुणिले ३.१६ बरोबर ४.१! म्हणजे १५ मिमीवर आमची गाडी खऱ्या जीपसारखी डुलते आणि ५ मिमीवर बैलगाडीसारखी खडखडते.

मग स्प्रिंग अजून मऊ का नको? कारण आडव्या उतारावर गाडी एका अंगाला झुकते आणि कुशीवर पडते. पुढे मऊ आणि मागे किंचित कडक ठेवली तर चढावर मागचा भाग कमी दबतो. आम्ही तेच केलं.

काटा मेसमधला, गणित आपलं

मेसच्या काकांकडून मसाले मोजायचा डिजिटल काटा मागून आणला. एकेक चाक काट्यावर ठेवायचं, बाकी तीन चाकांखाली काट्याच्या उंचीची पुस्तकं (यासाठी तरी ती उघडावी लागत नाहीत!). एकूण वजन भरलं २६०० ग्रॅम, त्यातलं पुढच्या दोन चाकांवर फक्त १२००, म्हणजे ४६ टक्के.

गाडी मागे कधी उलटेल याचं सूत्र सोपं आहे. पुढच्या वजनाचा वाटा गुणिले व्हीलबेस, भागिले गुरुत्वमध्याची उंची. हा त्या कोनाचा टॅन्जंट. आमचा व्हीलबेस ३१३ मिमी, गुरुत्वमध्य ९० मिमी उंच. कोन आला ५८ अंश. ४०० ग्रॅमची बॅटरी १८ सेंमी पुढे सरकवली, पुढचा वाटा ५५ टक्के झाला, कोन ६२. मऊ स्प्रिंगांमुळे चॅसिस १० मिमी खाली आली होतीच. निम्मं वजन चाकांचं आणि अ‍ॅक्सलचं असल्याने गुरुत्वमध्य ५ मिमीच उतरला, तरी कोन ६४ झाला. सहा अंश मिळाले, तेही फुकट!

शेवटी तेल

स्प्रिंग गाडी उचलते, शॉकअपमधलं तेल तिचं डोलणं थांबवतं. तेल पिस्टनच्या भोकांतून जाताना अडतं, तेच डॅम्पिंग. तेल फार घट्ट असेल तर चाक खड्ड्यात आळसावत उतरतं. फार पातळ असेल तर गाडी पायरीवर नाचते. चाचणी अशी करा: गाडी तळापर्यंत दाबून सोडा. ती वर येऊन एकदाच थांबली पाहिजे, वर उडून परत खाली यायला नको. आमचं काम ३० वेटच्या सिलिकॉन तेलावर भागलं, म्हणजे साधारण ३५० सेंटिस्टोक. वेटचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात, म्हणून डबीवरचा सेंटिस्टोक बघून घ्या.

भरताना घाई नको. पिस्टन हळूहळू वरखाली करा, बुडबुडे निघेपर्यंत शॉकअप उभा ठेवा, मगच टोपण लावा. आत हवा राहिली तर चारही कोपरे चार स्वभावांचे होतात. आमचा पहिला प्रयत्न असाच फसला आणि दोष मात्र आम्ही तेलाला देत बसलो.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. स्प्रिंग, तेल आणि बॅटरी एकदम बदललीत तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळणार नाही.

तिसऱ्या रविवारी गाडी त्याच पायरीपाशी गेली. पुढचं चाक खाचेत उतरलं, टेकलं, चढलं. मागचं त्याच्यामागून. धप्प झालं नाही. पाच माणसं एवढ्याशा गाडीसाठी टेकडीवर का ओरडतायत, हे बघायला मात्र फिरणारी मंडळी थांबली.

याच टेकडीच्या अंगावर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे. खऱ्या गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात. पिथमपूरला २००७ साली सुरू झालेल्या बाहा स्पर्धेची स्वप्नं बघणारेही आपल्यात आहेत. त्यांना एवढंच सांगणं, लाखाची गाडी बनवण्याआधी पायाएवढ्या गाडीवर चुका करून घ्या. सूत्रं तीच आहेत, फक्त मोडलेला भाग खिशाला परवडतो.

आणि हो, गाडी खाणीच्या उघड्या दगडावरच चालवा. गवत आणि मोर तिथले मूळ रहिवासी आहेत, आपण पाहुणे.